गाडीच्या इंजिनातला कार्बन : त्यावरचा इलाज आपल्या बोटीला चालेल का?



१ जून ते ३१ जुलै ही पावसाळी बंदी म्हणजे जाळी विणायचे आणि इंजिनं उघडायचे दिवस. मालीम असो, कुटबण असो की शापोरा, जेटीवर याच दिवसांत हेड उघडलेली इंजिनं दिसतात आणि प्रत्येक मिस्त्रीच्या तोंडी एकच वाक्य असतं, "कार्बन धरलाय."

इकडे आपल्याच घरातली पोरं मोबाइलवर वेगवान गाड्यांचे व्हिडिओ बघतात. इंजिनाला एक छोटा डबा बसवला, की कार्बन धरायचा थांबतो, असं त्यांत दाखवतात. डब्याचं नाव 'कॅच कॅन'. मग प्रश्न येतो, "बाबा, आपल्या बोटीला का नाही लावायचा?" प्रश्न चांगला आहे, त्याची चेष्टा करू नये. पण डबा विकत घेण्याआधी तो गाडीत नेमकं काय करतो, हे समजून घेऊया. चुकीच्या जागी लावलेला डबा पैसे तर खातोच, वर डिझेल इंजिनाला मोठा धोकाही करू शकतो. म्हणून आजचा पाठ थोडा सविस्तर.

१. वेगवान गाडीत कार्बन धरतो कुठे?

जुन्या पेट्रोल गाड्यांत पेट्रोलचा फवारा इनटेक व्हॉल्व्हच्या मागे, हवेच्या वाटेत पडायचा. तिथून हवा आणि पेट्रोल मिळून सिलिंडरमध्ये जायचं. यात आपोआप एक फायदा होता. पेट्रोलमध्ये साफ करणारी रसायनं मिसळलेली असतात, त्यामुळे येणारं पेट्रोल व्हॉल्व्हची पाठ सतत धूत राहायचं.

पुढे थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल मारायची पद्धत आली. जपानच्या मित्सुबिशीने १९९६ मध्ये अशी गाडी मोठ्या प्रमाणावर बाजारात आणली आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत जर्मन कंपन्यांनीही तीच वाट धरली. यात पेट्रोल कमी लागतं आणि ताकद जास्त मिळते. पण पेट्रोल आता व्हॉल्व्हच्या पाठीला शिवतच नाही. तिथून नुसती हवा जाते, आणि हवेबरोबर इंजिन ऑइलची वाफ.

ही वाफ येते कुठून? पिस्टनच्या रिंगा कितीही घट्ट असल्या तरी जळलेला वायू थोडा खाली चेंबरमध्ये निसटतोच. तो तिथे कोंडून राहिला तर ऑइल सील फुटतील, म्हणून त्याला बाहेर काढायला एक नळी असते, तिला ब्रीदर म्हणतात. गाड्यांमध्ये धुराचे नियम कडक असल्याने ही नळी हवेत मोकळी सोडता येत नाही. ती परत इनटेकमध्ये जोडलेली असते, म्हणजे तो वायू पुन्हा जळून जावा. या वायूबरोबर ऑइलचे बारीक थेंब जातात, तापलेल्या व्हॉल्व्हच्या पाठीवर बसतात आणि भाजतात. तव्यावर तेलाचा थर चढावा तसा हा थर दिवसेंदिवस वाढतो. धुवायला पेट्रोल नाही, त्यामुळे तो तसाच राहतो.

याचं सगळ्यांना माहीत झालेलं उदाहरण म्हणजे ऑडीची आरएस ४, २००६ च्या सुमारास आलेली. ४.२ लिटरचं व्ही ८ इंजिन, ३२ व्हॉल्व्ह, ४२० हॉर्सपॉवर, आणि तीही ७८०० आरपीएमला. एवढ्या वेगात फिरणाऱ्या इंजिनाला श्वास मोकळा लागतो. ७८०० आरपीएमला एकेक इनटेक व्हॉल्व्ह मिनिटाला ३९०० वेळा उघडतो. त्या व्हॉल्व्हच्या पाठीवर काळा थर चढला, की हवेची वाट अरुंद होते आणि वरच्या वेगात ताकद पडते. या गाडीच्या मालकांमध्ये ही तक्रार इतकी पसरली, की ठरावीक अंतरानंतर व्हॉल्व्ह साफ करून घेणं हा नेहमीच्या देखभालीचाच भाग होऊन बसला.

२. गाडीवाले यावर काय करतात?

यात चार प्रकार येतात. प्रत्येकाचं काम वेगळं आहे, ते एकमेकांत मिसळू नका.

पहिला प्रकार, खरवडून साफ करणं. इनटेक मॅनिफोल्ड उतरवतात, इंजिन हाताने फिरवून त्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह बंद स्थितीत आणतात, आणि अक्रोडाच्या कवचाचा बारीक चुरा दाबाच्या हवेने व्हॉल्व्हवर मारतात. त्याच वेळी व्हॅक्यूमने चुरा आणि कार्बन ओढून घेतात. अक्रोडच का? तर त्याचं कवच कार्बनपेक्षा कडक, पण व्हॉल्व्हच्या धातूपेक्षा मऊ. त्यामुळे कार्बन सुटतो आणि व्हॉल्व्ह, सीट यांना ओरखडा पडत नाही. हा इलाज पक्का, पण कार्बन पुन्हा धरतो, कारण मूळ तिथेच राहिलं.

दुसरा प्रकार, कॅच कॅन. ब्रीदर आणि इनटेकच्या मधल्या नळीत हा डबा बसवतात. आत आडव्या पट्ट्या किंवा जाळी असते. वायू त्यातून वळणं घेत जातो, ऑइलचे थेंब जाळीला आणि थंड भिंतीला चिकटून खाली जमतात, आणि मोकळा झालेला वायू पुढे जातो. डबा ठरावीक दिवसांनी रिकामा करावा लागतो. यामुळे कार्बन धरणं कमी होतं, बंद होत नाही. व्हॉल्व्हच्या दांड्यावरून झिरपणारं ऑइल आणि फिरवून परत आणलेला जळका धूर यांना तो डबा अडवूच शकत नाही.

तिसरा प्रकार, ऑइल बदलणं. काही ऑइलं तापली की लवकर उडतात, काही कमी. ते मोजायला नोॲक नावाची चाचणी असते. ऑइल २५० अंश सेल्सिअसवर एक तास ठेवून किती टक्के उडालं ते बघतात. कमी उडणारं ऑइल म्हणजे ब्रीदरमधून कमी वाफ. हा सगळ्यात साधा आणि बिनधोक बदल.

चौथा प्रकार कंपन्यांनी स्वतः केला, आणि मुळावर घाव तोच आहे. टोयोटाने २००५ च्या सुमारास एकाच इंजिनात दोन्ही ठिकाणी इंजेक्टर बसवले, एक थेट सिलिंडरमध्ये आणि एक व्हॉल्व्हच्या मागे. फोर्डनेही २०१८ च्या मस्टँग जीटीच्या ५ लिटर इंजिनात दोन्ही दिले. म्हणजे धुणारं पेट्रोल व्हॉल्व्हवर पुन्हा आलं. काही हौशी मंडळी आपल्या गाडीला बाहेरून असे जादा इंजेक्टर लावून घेतात, पण त्याला वेगळा कंप्युटर, वेगळं ट्युनिंग आणि भरपूर पैसा लागतो.

यातून धडा एवढाच : कार्बन कुठे धरलाय ते आधी बघायचं, मग तो कशामुळे धरलाय ते शोधायचं, आणि इलाज त्या कारणावर करायचा. गाडीचा डबा गाडीच्या कारणावर बनलाय. आपलं कारण तेच आहे का?

३. आता आपल्या बोटीचं डिझेल इंजिन

ट्रॉलर आणि पर्ससीनच्या बोटींवर साधारण ट्रकच्या जातीचं, समुद्रासाठी बदललेलं सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन असतं. हेड उघडलं की कार्बन कुठे दिसतो? पिस्टनच्या डोक्यावर, रिंगांच्या खाचांत, नोझलच्या टोकावर, एक्झॉस्टच्या वाटेत, आणि टर्बो असेल तर त्याच्या पंख्यावर. म्हणजे आपला बहुतेक कार्बन अर्धवट जळलेल्या डिझेलचा असतो. गाडीतला कार्बन इनटेकमधल्या ऑइलचा होता. रंग दोन्हींचा काळाच, पण जात वेगळी.

डिझेल अर्धवट का जळतं, याची कारणं जेटीवर रोज दिसतात :

• पंप वाढवलेला. बोट जास्त ओढावी म्हणून पंपाचं सील तोडून डिझेल वाढवतात. गाडीवाल्यांच्या मॉडिफिकेशनचा हा आपला भाऊ. पण हवा तेवढीच आणि डिझेल जास्त, तर उरलेलं डिझेल काळा धूर होऊन जातं. त्यातलं काही पिस्टनवर आणि रिंगांत बसतं, आणि पैसा धुरातून जातो तो वेगळाच.

• नोझल खराब. फवारा धुक्यासारखा बारीक हवा. नोझल टपकायला लागली की थेंब पूर्ण जळत नाहीत, पिस्टनच्या डोक्यावर एकाच जागी जळत राहतात आणि शेवटी तिथेच पिस्टनला भोक पडू शकतं.

• हवेची कमी. फिल्टर मिठाने आणि धुळीने बुजलेला, किंवा इंजिनाची केबिन चारी बाजूंनी बंद. इंजिन तापलेली, पातळ हवा ओढतं.

• पंखा जड. फुल थ्रॉटलला इंजिन कंपनीने सांगितलेल्या आरपीएमपर्यंत पोचत नसेल, तर पंखा मोठा आहे, त्याचा पिच जास्त आहे, किंवा बोटीच्या तळाला शेवाळ आणि शिंपले धरलेत. इंजिन कायम दबून चालतं आणि काळा धूर सोडतं.

• थर्मोस्टॅट काढलेला. "इंजिन तापतंय" म्हणून बरेच मिस्त्री तो काढूनच टाकतात. मग इंजिन गरजेपेक्षा थंड चालतं. थंड सिलिंडरमध्ये डिझेल नीट जळत नाही, आणि ऑइलमध्येही चिकट गाळ होतो. तापण्याचं खरं कारण असतं बुजलेला कूलर किंवा पाण्याच्या पंपाचा झिजलेला इंपेलर, ते तसंच राहतं.

• तासन्‌तास आयडल. जाळं टाकून थांबलो, इंजिन मात्र हळू चालूच. रिकामं फिरणारं इंजिन पुरेसं तापत नाही, रिंगा सिलिंडरला नीट दाबून बसत नाहीत, आणि कार्बन धरतो.

यातल्या एकाही कारणावर कॅच कॅन काही करू शकत नाही.

४. मग डबा कधी लावायचा?

हे ठरवायला एकच गोष्ट करा. टॉर्च घेऊन इंजिनाच्या ब्रीदरची नळी धरा आणि ती कुठे जाते ते बघा.

नळी खाली मोकळी सुटलेली असेल, तर ऑइलची वाफ इनटेकमध्ये जातच नाही. जुन्या इंजिनांत बहुतेक असंच असतं. अशा इंजिनाला डबा लावून आतला कार्बन कमी होणार नाही. फार तर केबिनमध्ये आणि बोटीच्या तळाच्या पाण्यात जाणारं ऑइल कमी होईल. स्वच्छतेसाठी तेही चांगलंच, पण फायदा तेवढाच समजा.

नळी एअर फिल्टरला किंवा टर्बोच्या तोंडाला जोडलेली असेल, तर ऑइल वेगळं करणारा डबा कामाचा आहे. टर्बो आणि आफ्टरकूलर ऑइलने माखले की हवा कमी जाते. मोठ्या सागरी डिझेल इंजिनांसाठी असे सेपरेटर मुद्दाम बनवलेले मिळतात. घ्यायचा तर तसलाच घ्या, इंजिनाच्या मापाचा. पेट्रोल गाडीसाठी बनवलेला छोटा चमकणारा डबा नको.

आता धोका काय, तो नीट वाचा.

एक, डब्याची जाळी बुजली किंवा नळी बारीक घेतली, तर चेंबरमध्ये दाब वाढतो आणि ऑइल सीलमधून बाहेर पडतं.

दोन, आणि हे जास्त भयंकर. डबा रिकामा करायचा राहिला, तो भरला, आणि लाटेत बोट कलली की साठलेलं ऑइल एकदम इनटेकमध्ये ओढलं जाऊ शकतं. डिझेल इंजिन ऑइलवरही चालतं. मग डिझेल बंद केलं तरी इंजिन थांबत नाही. ते स्वतःचंच ऑइल पीत वेग वाढवत जातं आणि शेवटी फुटतं. असं झालंच तर इलाज एकच, हवा तोडणं. इनटेकच्या तोंडावर जाड फळी दाबून धरायची किंवा सीओटू फायर एक्स्टिंग्विशर तिथे मारायचा. हात किंवा कपडा कधीही लावू नका, आत ओढला जातो. इंजिन भडकलं असेल तर जवळ न जाता माणसं लांब करा.

रस्त्यावर गाडी बाजूला घेऊन उतरता येतं. दर्यात उतरायला जागा नाही. म्हणून डबा लावलाच, तर तो रिकामा करणं हे ऑइल बघण्याइतकंच रोजचं काम, आणि ते कोण करणार हे आधी ठरवा.

आणखी एक तपासणी. इंजिन गरम असताना, आयडलला, ऑइल टाकायचं झाकण जपून सैल करा. तिथून भसाभस धूर येत असेल, तर त्याला मिस्त्री 'बॅक कॉम्प्रेशन' म्हणतात. रिंगा किंवा लायनर संपलेत. अशा इंजिनाला डबा म्हणजे फुटक्या होडीखाली बादली ठेवणं. हेड उघडूनच काम करावं लागेल.

५. आउटबोर्डवाल्यांसाठी

छोट्या होड्यांवर टू-स्ट्रोक पेट्रोल आउटबोर्ड आहेत. यात ऑइल पेट्रोलबरोबरच जळतं, त्यामुळे कार्बन थोडा धरणारच. तो रिंगांच्या खाचेत धरला की रिंग अडकते, कॉम्प्रेशन जातं, आणि पिस्टन घासून मोटर जाम होते.

इथे दोन गोष्टी महत्त्वाच्या. ऑइल टीसी-डब्ल्यू ३ शिक्क्याचंच घ्या. ते राख न सोडणारं असतं. गाडीच्या इंजिन ऑइलमध्ये धातूयुक्त रसायनं असतात, ती जळली की प्लगवर आणि पिस्टनवर राख बसते. स्वस्त पडतं म्हणून उरलेलं गाडीचं ऑइल मिसळू नका.

दुसरं, माप. ज्या मोटरला ५०:१ सांगितलंय, तिला १ लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर, म्हणजे २० लिटरला ४०० मिलिलिटर ऑइल. "थोडं जास्त असलेलं बरं" हे खरं नाही. जास्त ऑइल म्हणजे जास्त कार्बन. कमी ऑइल म्हणजे जळलेला पिस्टन. अंदाजाने ओतू नका, मापाचा डबा ठेवा.

फोर-स्ट्रोक आउटबोर्डमध्ये साधारणपणे पेट्रोल व्हॉल्व्हच्या मागेच पडतं, म्हणजे ते व्हॉल्व्ह धूत राहतं. त्यांना गाडीसारखा कॅच कॅन लावायची गरज नाही.

६. बाटलीतली औषधं

"टाकीत ओता, कार्बन गायब" अशा बाटल्या दुकानात असतात. डिझेलमध्ये टाकायची चांगल्या प्रतीची औषधं नोझलची टोकं साफ ठेवायला थोडी मदत करतात. पण अडकलेली रिंग किंवा झिजलेली नोझल बाटलीने सुटत नाही. आणि इनटेकमधून फवारायची औषधं टर्बोच्या इंजिनाला तर अजिबात वापरू नका. कार्बनचा खपला सुटून टर्बोच्या पंख्यावर आदळला तर खर्च दसपट वाढतो.

७. या बंदीत करायची यादी

१. नोझल उतरवून टेस्टिंग मशीनवर तपासा. दाब कंपनीच्या पुस्तकातल्या आकड्याप्रमाणेच ठेवा.

२. पंप टेस्ट बेंचवर लावून डिझेलचं माप मूळ जागी आणा आणि सील करून घ्या.

३. थर्मोस्टॅट काढलेला असेल तर परत बसवा. त्याआधी कूलर साफ करा, इंपेलर बदला.

४. एअर फिल्टर बदला. केबिनला हवा यायला आणि गरम हवा जायला दोन्ही वाटा आहेत का बघा.

५. बोट वर असताना तळ खरवडा, पंखा तपासा. पाण्यात उतरवल्यावर फुल थ्रॉटलला आरपीएम मोजून लिहून ठेवा.

६. ब्रीदरची नळी कुठे जाते ते बघा आणि आतून साफ करा.

७. हेड उघडलंच तर पिस्टनवरचा कार्बन लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने काढा. पोलादी पटाशीने ॲल्युमिनियमच्या पिस्टनला खोल चरे पडतात. खरवडलेला भुगा सिलिंडरमध्ये राहू देऊ नका.

आणि हंगाम सुरू झाल्यावर तांडेलाने लक्षात ठेवायचं : बराच वेळ हळू चालवून झालं, की जेटीकडे परतताना गरम इंजिन दहा-पंधरा मिनिटं चांगल्या लोडवर चालवा. टर्बो असेल तर बंद करण्याआधी तीन-चार मिनिटं आयडलवर ठेवून थंड होऊ द्या.

धूर रोज बघा. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. निळा म्हणजे ऑइल जळतंय. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा येत राहिला, तर न जळलेलं डिझेल किंवा सिलिंडरमध्ये पाणी. एक्झॉस्टमध्ये पाणी सोडणाऱ्या बोटींवर थोडी वाफ दिसणारच, ती वेगळी. आज कोणता धूर दिसला, हे तारखेसकट वहीत लिहिलं तर पुढच्या बंदीत मिस्त्रीला अंदाजाने इंजिन उघडावं लागणार नाही.

घरातल्या पोरांना व्हिडिओ बघू नका म्हणू नका. त्यांना सोबत घेऊन एकदा इंजिनाच्या केबिनमध्ये उतरा, ब्रीदरची नळी हातात द्या आणि विचारा, "ही कुठे जाते, सांग." जो पोरगा ते शोधून सांगेल, तो उद्या आपलं इंजिन सांभाळेल.

आपल्या बोटीची ब्रीदरची नळी कुठे निघाली, फुल थ्रॉटलला आरपीएम किती आला, ते खाली जरूर लिहा. दुसऱ्या बोटवाल्यांनाही त्याचा उपयोग होईल.